रस्ता उघडेपर्यंत: दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधली एक फेरी

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेले आपले लोक सिडनी, मेलबर्न, ग्रेट ओशन रोड यांवर पुष्कळ लिहितात. आउटबॅकवर, म्हणजे तिथल्या आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या मुलखावर, मराठीत काही सापडतंय का म्हणून मी निघण्याआधी बरंच शोधलं. हाती लागले ते बहुतेक उलुरू या प्रचंड लाल खडकाचे फोटो. रस्ता कुठला धरायचा, गाडी कोण देतं, डिझेल कुठे मिळतं, पाऊस आला तर काय करायचं, याचा पत्ता लागेना. पोटात गोळा होता तो त्यामुळेच. आता फेरी झाली आहे, बिलं आणि कागद समोर आहेत, तेव्हा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

मी मूळची म्हसवड भागातली, नोकरीमुळे साताऱ्यात स्थायिक झालेली. धाकटा भाऊ अ‍ॅडलेडला असतो. माझं जाणं ठरलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "ताई, समुद्र काय कुठेही दिसतो. तुला इथला दुष्काळी मुलूख दाखवतो." मलाही तेच बघायचं होतं. माणदेशात वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. जिथे जेमतेम दीडशे-पावणेदोनशे पडतो, तिथे माणसं राहतात तरी कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधीपासूनचा होता.

आम्ही ठरवलेला मार्ग असा: अ‍ॅडलेडहून उत्तरेला क्वॉर्न, हॉकर, ली क्रीक, लिंडहर्स्ट, मरी. मरीपासून ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने विल्यम क्रीक, तिथून आडव्या कच्च्या रस्त्याने कूबर पीडी, आणि परतताना स्टुअर्ट हायवेच्या डांबरी रस्त्याने पोर्ट ऑगस्टामार्गे घरी. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या आतबाहेर. उलुरू वगळलं. त्यासाठी आणखी दीडेक हजार किलोमीटर अंतर तोडावं लागतं, आणि मला मोठ्या ठिकाणांपेक्षा मधली गावं बघायची होती.

कागदपत्रांपासून सुरुवात करते. पर्यटक व्हिसासाठी, म्हणजे सबक्लास ६०० साठी, एप्रिल २०२५ मध्ये ऑनलाइन अर्ज केला. फी तेव्हा १९५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. पगाराच्या स्लिपा, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कार्यालयाकडून रजेचं पत्र, भावाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या घराच्या पत्त्याचा पुरावा जोडला. उत्तर यायला जवळपास महिना लागला. तोवर तिकीट काढू नका.

तिथे गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच घेऊन जा. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, नमुना ४अ, सोबत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि आपल्या लायसन्सच्या प्रती, डॉक्टरचं प्रमाणपत्र, फी १,००० रुपये. साताऱ्याच्या आरटीओत मूळ कागद दाखवले आणि काही दिवसांत परवाना हातात आला. मुदत एक वर्ष. दक्षिण ऑस्ट्रेलियात पाहुण्या माणसाचं लायसन्स इंग्रजीत असेल तर तेवढ्यावर चालतं, पण भाड्याची गाडी देणाऱ्यांनी दुसऱ्या चालकाच्या रकान्यात माझं नाव घालताना हा परवाना मागितलाच.

विमानातून उतरताना जे कार्ड भरायचं असतं त्यावर खाण्याच्या वस्तूंपुढे मी 'होय' लिहिलं. शेंगदाण्याची चटणी, भडंग, मेतकूट, सगळ्या डब्यांवर इंग्रजीत काय आहे ते लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अधिकाऱ्याने दोन डबे उघडून बघितले, वास घेतला आणि जाऊ दिलं. लपवून नेलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर वस्तू जाते.

गाडीचं काम मात्र वेळखाऊ निघालं. साध्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर न्यायला सरळ मनाई असते. नेली आणि काही झालं तर विमा लागू होत नाही, सगळा खर्च आपल्या खिशातून. आम्हाला टोयोटाची प्राडो मिळाली, चारही चाकांना जोर असणारी, आणि करारात ऊडनाडाटा ट्रॅकचं नाव स्वतंत्रपणे लिहून घेतलं. तोंडी 'चालेल' यावर विसंबू नका, नाव कागदावर येऊ द्या. भाडं दिवसाला २१० डॉलर, वाढीव विमा दिवसाला ३५. त्यातही तीन अटी होत्या: सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवायची नाही, जनावराला धडक बसली तर नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा आपला, आणि बंद असलेल्या रस्त्यावर गाडी घातली तर विमा संपूर्ण रद्द. या तिन्ही अटी पुढे आमच्या कामी आल्या, कारण दिवसाचं वेळापत्रक त्यांनीच आखून दिलं.

सामानात भाऊ, भावजय आणि मी अशा तिघांसाठी साठ लिटर पाणी, दोन जादा चाकं, हवा भरायचा छोटा पंप, प्रथमोपचाराची पेटी, आणि उपग्रहावरून निरोप धाडणारं एक उपकरण भाड्याने, सगळ्या प्रवासाचे मिळून ९० डॉलर. मोबाइलला गावाच्या हद्दीबाहेर रेंज नसते. गावात असते ती बहुधा टेल्स्ट्राची. दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर तिथेही फोन मुका. भावजयीने दशम्या आणि धपाटी करून घेतली. शाकाहारी माणसाला आउटबॅकच्या हॉटेलात चिप्स, टोस्ट आणि चीजचं सँडविच याच्यापुढे फार काही मिळत नाही, तेव्हा शिदोरी हवीच.

२ ऑगस्टला पहाटे निघालो. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. दिवसा अठरा-वीस अंश, रात्री चार-पाच.

पहिले तीनशे किलोमीटर गव्हाची शेतं. मग क्वॉर्नच्या पुढे हळूहळू शेतं संपतात आणि खुरटी झुडपं सुरू होतात. या बदलाला इतिहास आहे. १८६५ साली जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्व्हेयर जनरलने घोड्यावरून फिरून, कुठे दुष्काळाने झाडोरा करपलाय हे बघत, नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला फक्त जनावरं चारा, असा तिचा अर्थ. १८७० च्या दशकात पाऊस चांगला झाला तसा लोकांना धीर आला, १८७४ मध्ये सरकारनेही रेषेपलीकडे जमिनी द्यायला सुरुवात केली, शेतकरी उत्तरेला सरकले, गावं आखली गेली. १८८० च्या सुरुवातीला दुष्काळ परतला आणि ती सगळी शेती बुडाली. आजही रस्त्याच्या कडेला दगडी घरांचे सांगाडे उभे दिसतात. छप्पर नाही, चूल आणि धुराडं मात्र शाबूत.

क्वॉर्न आणि हॉकरच्या मध्ये कन्याका म्हणून एका मोठ्या मेंढी-फार्मचे अवशेष आहेत. १८५१ साली ते ह्यू प्रॉबी नावाच्या तरुणाने वसवलं. पुढच्याच वर्षी तो ओढ्याला अचानक आलेल्या पुरात बुडून मेला. मी त्या पडक्या भिंतींतून बराच वेळ फिरले. दगडाची घडण उत्तम, चुना अजून पक्का. इतक्या कष्टाने बांधलेलं घर सोडून जाताना त्या बायकांनी काय काय बरोबर नेलं असेल, हेच मनात येत राहिलं. आमच्या आजोळच्या वाडीतली १९७२ नंतर ओस पडलेली घरं मी लहानपणी पाहिली आहेत. आत शिरायला पैसे नाहीत, पहारेकरी नाही. भिंतींवर चढू नका एवढंच.

हॉकरला मुक्काम केला. फ्लिंडर्सच्या डोंगररांगा इथून जवळ आहेत. हा अड्न्यामथान्हा या मूळनिवासी लोकांचा मुलूख. जगातल्या फार जुन्या प्राण्यांचे ठसे या डोंगरांतल्या दगडांत सापडले, रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाला १९४६ साली, आणि त्यावरून पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाला २००४ मध्ये एडियाकरन हे नाव मिळालं. आम्ही डोंगर लांबूनच पाहिले. तिथे जायचं तर वेगळा वेळ काढून जा, वाटेत उरकण्यासारखं ते नाही.

ली क्रीकचं मात्र वाईट वाटलं. कोळशाच्या खाणीसाठी वसवलेलं आखीवरेखीव गाव. झाडं लावलेले रस्ते, शाळा, पोहण्याचा तलाव. २०१५ मध्ये खाण बंद झाली आणि बहुतेक घरं रिकामी झाली. पेट्रोलपंप, दुकान आणि दवाखाना अजून चालू आहेत, आणि आसपासच्या मोठ्या टापूला त्यांचाच आधार आहे. आम्ही डिझेल, दूध, पाव तिथूनच घेतलं. अ‍ॅडलेडच्या सुपरमार्केटमधून सगळं भरून नेलं तर चाळीस-पन्नास डॉलर वाचतात, पण ही दुकानं वाटसरूंच्या खरेदीवर तगतात, आणि ती बंद पडली तर पुढच्या वाटसरूला डिझेलच मिळणार नाही. म्हणून प्रत्येक गावात काहीतरी घ्यायचंच, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

लिंडहर्स्टला रस्त्याच्या कडेला मोठा फलक आहे. पुढच्या एकेका रस्त्याचं नाव आणि त्यासमोर उघडा की बंद याची पाटी. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं उघडं होतं. मरीला पोहोचेपर्यंत आभाळ भरून आलं, संध्याकाळी पाऊस झाला आणि सकाळी ऊडनाडाटा ट्रॅकसमोर 'बंद' लागलं होतं.

पाऊस किती, तर सात-आठ मिलिमीटर. आपल्याकडे एवढ्याला कोणी पाऊसही म्हणत नाही. पण तिथली माती बारीक चिकणमाती. ओली झाली की चाकाला पकड राहत नाही. अशा चिखलातून कोणी गाडी दामटलीच तर खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगड होतात आणि मग रस्ता सपाट करणारं यंत्र, ग्रेडर, येईपर्यंत इथल्या लोकांना, टपालाच्या गाडीला, जनावरं नेणाऱ्या ट्रकना तोच रस्ता आठवडे-आठवडे वापरावा लागतो. म्हणून बंद रस्त्यावर जाणाऱ्याला जबर दंड आहे. हे समजल्यावर मला तो दंड योग्यच वाटला.

रोडहाउसमध्ये, म्हणजे पेट्रोलपंप, किराणा, खाणावळ, पोस्ट सगळं एकाच छपराखाली असतं त्या ठिकाणी, काउंटरवरच्या बाईंना विचारलं, कधी उघडेल? त्या म्हणाल्या, "वारा सुटला तर उद्या दुपारी. नाही सुटला तर परवा." मग त्यांनी आमच्यापुढे एक वही सरकवली. गाडीचा नंबर, किती माणसं, कुठे जाणार, घरचा फोन, सगळं माझ्याच हाताने लिहून घेतलं. "तुम्ही निघालात की मी विल्यम क्रीकला कळवीन. अंधार पडेपर्यंत पोहोचला नाहीत तर कोणीतरी बघायला निघेल." अनोळखी गावात, अनोळखी बाईच्या तोंडचं हे वाक्य ऐकून माझ्या पोटातला गोळा विरघळला. या सबंध प्रवासात मला जर काही समजलं असेल तर ते हे, की त्या रिकाम्या दिसणाऱ्या मुलखात कोण कुठून कुठे चाललंय याची खबर माणसं एकमेकांना देत राहतात, आणि आपणही ती द्यायची असते. निघताना सांगायचं, पोहोचल्यावर कळवायचं. पोहोचून कळवायला विसरलात तर शोधायला निघालेल्यांचा दिवस फुकट जातो.

थांबावं लागलं म्हणून मरी नीट बघता आलं. वस्ती शंभराच्या आत. १८८३ सालचं दुमजली दगडी हॉटेल, त्याच्यासमोर जुन्या रेल्वेचं स्टेशन, आणि फलाटाशी गंजत उभी असलेली डिझेल इंजिनं. 'घान' ही गाडी याच मार्गाने अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जायची. १९८० मध्ये रूळ पश्चिमेला, पुराची भीती नसलेल्या मार्गावर नेले आणि ही वाट बंद झाली. गाडीला ज्यांच्यावरून नाव मिळालं ते 'अफगाण' उंटवाले या गावात राहायचे. एल्डर नावाच्या व्यापाऱ्याने १८६६ साली कराचीहून शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरवले, त्यांच्याबरोबर हे लोक आले: बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. लोकर, पीठ, तारेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, जे काही या वाळवंटात गेलं ते त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेलं.

रूळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळ अराबाना लोक, अशी गावाची सरळ फाळणी होती. उंटवाल्यांनी बांधलेली मशीद ऑस्ट्रेलियातल्या अगदी पहिल्या मशिदींपैकी एक. मूळची राहिली नाही, तिची छोटी प्रतिकृती उभी केली आहे: मातीची, गवताने शाकारलेली, पुढे हातपाय धुवायला लहानसं कुंड. खजुराची झाडं त्यांनीच लावलेली. कब्रस्तानात त्यांच्या कबरी वेगळ्या बाजूला आहेत. १९०३ च्या कायद्याने आशियातून आलेल्यांना नागरिकत्व मिळण्याची वाट बंद झाली. ज्यांनी हा देश चालता ठेवला ते कागदावर परकेच राहिले. मला त्या कबरींपाशी खूप भरून आलं. भावाने आपलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घरी फ्रेम करून लावलं आहे. परत येताना तो बराच वेळ गप्प होता.

वारा सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला, पण सूर्यास्ताची अट होती म्हणून आम्ही आणखी एक रात्र काढून पहाटे निघालो. खोलीचे १६० डॉलर जादा गेले. एक-दोन रात्री हाताशी ठेवल्याशिवाय या बाजूला येऊ नये, हे माझं ठाम मत आहे. परतीचं विमान आउटबॅकहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका.

मरी ते विल्यम क्रीक दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. चाकांतली हवा कमी करून घेतली, वेग सत्तर-ऐंशी. रस्त्यावर हवा आणि चाक बघायला दर थांब्यावर उतरायचं. समोरून गाडी आली की वेग अगदी कमी करून डावीकडे सरकायचं, नाहीतर उडालेला खडा काच फोडतो. समोरचा माणूस स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो नमस्कार. पहिल्या तासात माझंही बोट आपोआप उचलायला लागलं. वाटेत आल्बेरी क्रीकला दोन विमानं शेपटीवर उभी केलेली दिसतात, कोणा कलावंताने टाकाऊ लोखंडातून उभारलेल्या शिल्पांच्या माळावर. याच रस्त्यावर डिंगो कुंपणही लागतं. दक्षिणेकडच्या मेंढ्यांना रानकुत्र्यांपासून वाचवायला घातलेली जाळी, लांबी सुमारे ५,६०० किलोमीटर. कुंपणाच्या अलीकडे मेंढ्या, पलीकडे गाईगुरं.

एवढ्याशा पावसात माणसं राहतात कशी, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते कॉवर्ड स्प्रिंग्जच्या आधी, बबलर आणि ब्लांश कप या झऱ्यांपाशी. मुख्य रस्त्यापासून काही किलोमीटर आत, चहूकडे नुसती खडकाळ करडी जमीन आणि मधेच एक टेंगूळ. वर चढलं की स्वच्छ पाण्याचं तळं. बबलरच्या तळाशी वाळू पिठलं रटरटावं तशी एकसारखी वर येत असते. हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं. सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे या खंडाच्या पाचव्या भागाहून जास्त क्षेत्राखाली ते पसरलेलं आहे. पूर्वेकडच्या डोंगरांत मुरलेला पाऊस खडकांतून सरकत सरकत लाखो वर्षांनी इथे वर येतो. अराबाना लोकांच्या वाटा या झऱ्यांवरून जात, मग उंटांच्या वाटा त्याच, मग तारेची आणि रेल्वेची वाटही तीच. आम्ही दगडांवर बसून दशमी खाल्ली. आमच्याकडे दीडशे-दोनशे फुटांवरचं पाणी एका पिढीत उपसून संपलं, याची मला तिथे फार जाणीव झाली.

विल्यम क्रीकच्या अलीकडे स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला तार-ठाण्याचे दगडी अवशेष आहेत. १८७२ मध्ये अ‍ॅडलेड ते डार्विन तार पूर्ण झाली आणि डार्विनहून समुद्राखालच्या तारेने ती जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई, एडनवरून लंडनला जोडली गेली. या माळरानावर बसलेला तारमास्तर जो निरोप पुढे धाडायचा तो मुंबईवरून जायचा. हे मी भावजयीला सांगितलं तेव्हा ती त्या पडक्या खोलीत पुन्हा एकदा आत जाऊन आली.

विल्यम क्रीकला कायमची वस्ती म्हणजे एखादा डझन माणसं. हॉटेल, पंप, धावपट्टी. भिंतींवर आणि छताला येणाऱ्याजाणाऱ्यांनी लावलेली कार्डं, नोटा, लायसन्सं. आम्ही आत शिरलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आमच्या गाडीचा नंबर आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. आम्हाला बघून त्याने त्यावर रेघ मारली आणि मरीला फोन लावला.

इथूनच काटी थांडा-लेक एअरवरून विमानं उडतात. समुद्रसपाटीपेक्षा १५ मीटर खोल असलेलं हे मिठाचं सरोवर एरवी कोरडं असतं. मार्च २०२५ मध्ये पश्चिम क्वीन्सलंडला प्रचंड पाऊस झाला, ते पाणी नद्यांच्या कोरड्या पात्रांतून शेकडो किलोमीटर चालत मे महिन्यात इथे पोहोचलं. आम्ही गेलो तेव्हा पाणी होतं. म्हणूनच जागा मिळवायला जुलैमध्येच फोन करावा लागला होता, आणि मरीत अडकल्यावर पुन्हा फोन करून वेळ बदलून घेतली. त्यांनी विनातक्रार बदलून दिली. तासाभराच्या उड्डाणाला माणशी साडेतीनशे डॉलरच्या आसपास. सहा माणसांचं छोटं सेस्ना, आवाज मोठा, पोटात ढवळतं. आधी हलकंच खा. वरून पाण्याचे गुलाबी, दुधी, करडे पट्टे दिसतात, पेलिकनचे पांढरे ठिपके, आणि मग काठ दिसतच नाही. पात्रात परवानगीशिवाय उतरता येत नाही. अराबाना लोकांसाठी ती पवित्र जागा आहे, तेव्हा वरून बघावं.

विल्यम क्रीक ते कूबर पीडी १६६ किलोमीटर कच्चा रस्ता. मध्ये पंप नाही, घर नाही. गाई रस्त्यावर बसलेल्या असतात.

कूबर पीडी जवळ आल्याची खूण म्हणजे मातीचे पांढरे-गुलाबी ढीग. हजारो ढीग, प्रत्येकाशेजारी एक खोल विवर. कडेला पाट्या आहेत: पळू नका, मागे मागे चालू नका. फोटो काढताना माणूस पाऊल मागे टाकतो आणि तेवढ्यात जातो, म्हणून. १९१५ साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतला विली हचिसन हा चौदा वर्षांचा मुलगा पाणी शोधायला तळावरून गेला आणि परत येताना ओपल, म्हणजे रंगांनी चमकणारं रत्न, घेऊन आला. तिथून हे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून सर्ब, क्रोएट, ग्रीक असे किती तरी लोक नशीब काढायला इथे आले. सर्बियन चर्च जमिनीखाली खडकात कोरलेलं आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला ते लहान वाटेल, पण १९९३ मध्ये गावकऱ्यांनी स्वतः राबून कोरलंय हे कळल्यावर मी तिथे हात जोडले.

आमची खोलीही जमिनीखालची होती, रात्रीला १८० डॉलर. भिंतींवर यंत्राच्या दात्यांचे गोल ओरखडे तसेच ठेवलेले, वर हवेसाठी एक नळकांडं, खिडकी नाही. बाहेर पाच अंश आणि आत बावीस-तेवीस, पंखा नाही की हीटर नाही. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस झाले तरी आत जवळपास तेवढंच राहतं. दिवा मालवल्यावरचा अंधार मात्र अगदी गडद असतो. मला झोप लागायला वेळ लागला; बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी जमिनीवरची खोली मागावी, तीही मिळते. पाणी गावापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या बोअरचं, खारं, ते गोडं करून पुरवतात. प्रत्येक न्हाणीघरात पाणी जपून वापरा अशी पाटी आहे. ती पाटी बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

गावात एक मोकळी जागा आहे, तिथे खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगात कोणीही ओपल शोधू शकतं. तिथे एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते, क्रोएशियातून आलेले. माझ्या हातातला चकाकणारा तुकडा त्यांनी घेतला, जिभेवर ओला केला आणि उन्हात फिरवला. दुधी रंग, बाकी काही नाही. "हा पॉच. रंग नाही त्यात." मग आपल्या खिशातला तांदळाएवढा कण काढून तसाच ओला केला. हिरवा, मग फिरवला तसा तांबडा. पन्नास वर्षांत मोठा खडा किती वेळा सापडला, असं भावाने विचारलं. त्यांनी तीन बोटं दाखवली. त्यात घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, म्हणाले. ओपल विकत घ्यायचा असेल तर अखंड दगड आहे की काळ्या पाठीवर चिकटवलेला पातळ पापुद्रा, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

परतीचा स्टुअर्ट हायवे डांबरी आणि सरळ. इथली जोखीम वेगळी आहे. रोड ट्रेन, म्हणजे तीन ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३ मीटर लांब असतात. ओलांडायला समोर लांबवर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय जाऊ नये. शक्य असेल तर गाडीत यूएचएफ रेडिओ घ्या. चॅनेल ४० वर ट्रकवाले बोलतात, त्यांना विचारलं तर ते सांगतात कधी जायचं. रस्त्याकडेला मेलेली कांगारू आणि त्यांवर बसलेले मोठे गरुड दिसतात. गरुड जड असतो, लगेच उडत नाही, तेव्हा वेग कमी करायचा. काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीच्या खुणा आखलेल्या आहेत, फ्लाइंग डॉक्टरांचं विमान उतरायला. १९२८ पासून ही सेवा या मुलखाचा दवाखाना आहे. ग्लेंडाम्बोच्या पाटीवर मेंढ्या २२,५००, माशा २० लाख आणि माणसं ३० असं लिहिलंय. तिथे फोटो काढला, वूमेराला पाय मोकळे केले, पोर्ट ऑगस्टाला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी.

गाडी परत देण्याआधी धुऊन घ्या, खालूनसुद्धा. लाल धूळ राहिली तर सफाईचे पैसे लावतात. आम्ही वीस डॉलरमध्ये धुतली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मगच किल्ली दिली. क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवलेली अनामत साधारण दहा दिवसांनी सुटली. परदेशी कार्ड वापरत असाल तर तेवढी मर्यादा मोकळी आहे ना ते आधी बघा.

तिघांचा मिळून खर्च: गाडी आणि विमा १,९६० डॉलर, डिझेल पावणेपाचशेच्या आसपास (अ‍ॅडलेडात लिटरला १.८०, विल्यम क्रीकला अडीचच्या वर), मुक्काम ११००, विमानाचं उड्डाण १०५०, खाणंपिणं साडेतीनशे, उपग्रहाचं उपकरण ९०. डॉलर तेव्हा ५६-५७ रुपये होता, म्हणजे दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात. उड्डाण वगळलं आणि तंबू नेला तर बराच खाली येईल. कॉवर्ड स्प्रिंग्जला तंबूची चांगली सोय आहे.

जायचं तर मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत मुळीच नको. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट घ्या, डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा. मरी आणि विल्यम क्रीकच्या खोल्या दोन महिने आधी धरा, आणि धरतानाच विचारा की रस्ता बंद झाल्यामुळे पोहोचता आलं नाही तर पैसे पुढच्या तारखेला वळवतील का. आम्ही विचारलं होतं, दोन्हीकडे हो म्हणाले, आणि तसं ईमेलवर लिहून दिलं.